पक्ष्माभिकांवरील संशोधन बंद करण्याच्या ठरावाबाबत विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेस खुले पत्र

प्रति,
माननीय कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

परिषदेने गेल्या बैठकीत केलेल्या ठरावाचे परिपत्रक आमच्या प्राणिशास्त्र विभागात पोहोचले आहे. विभागातील शैवालसंवर्धन कक्ष आणि त्याच्या शेजारचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक कक्ष उन्हाळी सुट्टीपूर्वी रिकामे करावेत, ती जागा नवोपक्रम केंद्राला द्यावी आणि या दोन कक्षांवर अवलंबून असलेल्या संशोधनासाठी पुढील आर्थिक वर्षापासून तरतूद करू नये, असा तो ठराव आहे. सोबतच्या टिपणीत कारण म्हणून एवढेच नोंदविले आहे की एकपेशीय शैवालाच्या हालचालीवरील या कामाचा समाजाला किंवा उद्योगाला उपयोग दिसत नाही.

मी या विभागात पेशीजीवशास्त्र शिकवते. पेशीतील सूक्ष्मनलिका आणि पेशीवर केसांसारख्या उगवलेल्या पक्ष्माभिका, म्हणजे ज्यांना वर्गात आम्ही सर्रास मायक्रोट्यूब्यूल आणि सिलिया म्हणतो, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे आणि माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे याच दोन कक्षांत गेली आहेत. त्यामुळे या प्रकरणी मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. विभागप्रमुखांमार्फत पाठविलेल्या निवेदनांना उत्तर मिळाले नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. विद्यापीठ लोकांच्या पैशावर चालते. जे काम निरुपयोगी ठरवून थांबविले जात आहे ते नेमके कोणते, हे कळण्याचा लोकांना अधिकार आहे.

आपल्या नाकापासून फुफ्फुसांतील श्वासनलिकांपर्यंत जे अस्तर पसरलेले असते, त्यातील बहुसंख्य पेशींवर पक्ष्माभिका असतात, एकेका पेशीवर सुमारे २००. त्या सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा फटकारे मारतात आणि श्वासाबरोबर आत आलेली धूळ व जंतू कफासह घशाकडे ढकलत राहतात. प्रत्येक पक्ष्माभिकेच्या आत सूक्ष्मनलिकांचा एक ठरलेला सांगाडा असतो: कडेने वर्तुळात नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या नलिका. या नलिका ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या बनलेल्या असून एकेकीचा व्यास अवघा २५ नॅनोमीटर असतो. कडेच्या जोड्यांवर डायनीन या प्रथिनाचे बाहू ओळीने बसविलेले असतात. बाहेरच्या ओळीत दर २४ नॅनोमीटरवर एक. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतील ऊर्जा वापरून हे बाहू शेजारच्या जोडीला सरकवतात. बुडाशी घट्ट बांधलेल्या बांबूच्या कांब्यांपैकी एक वर रेटली तर सगळी जुडी जशी एका अंगाला वाकते, तशीच जोड्या सरकल्या की पक्ष्माभिका वाकते. मात्र ती एका बाजूला वाकून लगेच दुसऱ्या बाजूला वळते, कारण सगळे बाहू एकाच वेळी काम करत नाहीत. कोणत्या क्षणी कोणत्या बाहूंनी ओढायचे आणि कोणत्यांनी थांबायचे हे कसे ठरते, मधल्या दोन नलिका आणि त्यांच्याकडे रोखलेले आरे हा निरोप कसा पोहोचवतात, हा प्रश्न जगभर अजून पुरता सुटलेला नाही. आमची प्रयोगशाळा त्याच प्रश्नावर काम करते.

यासाठी आम्ही क्लॅमिडोमोनास हे हिरवे शैवाल वापरतो. त्याची पेशी सुमारे १० मायक्रोमीटरची असते आणि तिला पुढे दोन कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे लांब तंतू, असतात, ज्यांची आतील रचना आपल्या श्वासनलिकेतील पक्ष्माभिकांसारखीच असते. या पेशीत जनुकांचा एकच संच असतो, त्यामुळे एखादे जनुक बिघडले की दोष झाकला न जाता लगेच दिसतो. आम्लाच्या सौम्य धक्क्याने कशाभिका गळून पडतात आणि दीडेक तासात पुन्हा उगवतात. त्या कशा उगवतात हे डोळ्यांदेखत पाहता येते. पीएफ १४ या वाणात आरे नसतात आणि पीएफ १८ या वाणात मधल्या दोन नलिका नसतात. दोन्हींच्या कशाभिका लुळ्या पडलेल्या असतात. ज्यांत बाहेरचे डायनीन बाहू नाहीत ते ओडीए वाण पोहतात, पण फार संथपणे. यंत्राचा एकेक सुटा भाग काढून ते कसे चालते हे पाहण्याची अशी सोय दुसऱ्या फारशा सजीवांत नाही.

आता उपयोगाबद्दल. टिपणी लिहिणाऱ्यांनी या क्षेत्राचा इतिहास चाळला असता तर ते वाक्य लिहिताना त्यांचा हात थांबला असता, असे मला मनापासून वाटते.

स्वीडनमधील ब्यॉर्न अफ्झेलियस हे सागरी अर्चिनच्या शुक्रपेशींची शेपटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. १९५९ मध्ये त्यांनी सूक्ष्मनलिकांच्या जोड्यांवरील बाहूंचे वर्णन प्रसिद्ध केले. एका समुद्री जीवाच्या शुक्रपेशीवरील या कामाचा त्या वेळी कोणाला काय उपयोग दिसला असता? १९६३ मध्ये इयान गिबन्स यांनी टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिकांतून हे बाहू वेगळे काढून दाखवले आणि १९६५ मध्ये त्या प्रथिनाला डायनीन हे नाव मिळाले. पीटर सॅटिर यांनी शिंपल्याच्या कल्ल्यांवरील पक्ष्माभिकांचे छेद तपासून सूक्ष्मनलिका आखडत नाहीत, एकमेकींवरून सरकतात, असा पुरावा मांडला. १९७१ मध्ये समर्स आणि गिबन्स यांनी सागरी अर्चिनच्या शुक्रपेशींच्या शेपट्यांवर प्रयोग करून हे सरकणे प्रत्यक्ष दाखवले. आणि १९७६ मध्ये त्याच अफ्झेलियस यांनी काही पुरुष रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांच्या शुक्रपेशी हलत नव्हत्या, त्यांना लहानपणापासून सर्दी, सायनस आणि छातीचे विकार होते, आणि त्यांच्यापैकी काहींचे हृदय उजवीकडे होते. त्यांच्या शुक्रपेशींच्या छेदांत ते बाहूच नव्हते.

झुरिकच्या मानेस कार्टागेनर यांनी १९३३ मध्ये ज्या लक्षणसमूहाचे वर्णन केले होते, त्याचे कारण अशा रीतीने ४३ वर्षांनी उलगडले. निरोगी रचनेत बाहू कसे दिसतात हे आधी कोणी पाहून ठेवलेच नसते, तर रुग्णात ते नाहीत हे कोणाच्या लक्षात येणार होते?

पुढची पायरी तर थेट आमच्या शैवालाचीच आहे. या आजाराला आता प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया किंवा पीसीडी म्हणतात. त्याला कारणीभूत असलेले पहिले मानवी जनुक, डीएनएआय १, १९९९ मध्ये सापडले. संशोधकांनी ते शोधायला घेतले कारण क्लॅमिडोमोनासमध्ये त्याच्याशी साम्य असलेले जनुक बिघडले की डायनीनचे बाहेरचे बाहू बसत नाहीत, हे आधीच माहीत होते. आज अशी ५० हून अधिक जनुके माहीत आहेत. १९९३ मध्ये येल विद्यापीठातील जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत याच शैवालाच्या कशाभिकांत सूक्ष्मनलिकांच्या कडेने कणांची सतत ये-जा चाललेली दिसली. २००० साली त्या वाहतुकीतील एका जनुकाचा संबंध उंदरांतील मूत्रपिंडाच्या गाठींच्या आजाराशी जुळला आणि आपल्या पेशींवरील ज्या एकुलत्या, न हलणाऱ्या पक्ष्माभिकेला कोणी महत्त्व देत नव्हते तिच्याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष गेले. हृदय डावीकडे का असते, या प्रश्नाची उकलही पक्ष्माभिकांपाशीच झाली: १९९८ मध्ये टोकियोतील हिरोकावा यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या भ्रूणात पक्ष्माभिकांच्या फिरण्यामुळे द्रव डावीकडे वाहतो आणि त्यातून डावे-उजवे ठरते, हे दाखवले. पीसीडीच्या सुमारे निम्म्या रुग्णांत अवयव उलट बाजूंना का असतात, हे त्यामुळे समजले.

सूक्ष्मनलिकांपुरते बोलायचे तर आपल्या अंगणातही पुरावा आहे. सदाफुलीपासून मिळणारी व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे ट्यूब्युलिनला चिकटून सूक्ष्मनलिका बनू देत नाहीत. कोकणात पावसाळ्यात कुंपणांवर फुलणाऱ्या कळलावीत कोल्चिसीन असते, आणि कोल्चिसीन पेशीत कशाला चिकटते हे शोधतानाच १९६७ मध्ये ट्यूब्युलिनचा माग लागला.

हे सगळे परदेशातले झाले, इथे काय, असे कोणी विचारेल. या विद्यापीठापासून फार दूर नसलेल्या एका सरकारी रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञ आमच्याकडे नैतिकता समितीच्या परवानगीने मुलांच्या नाकातील अस्तराचे नमुने पाठवतात. ही मुले जन्मल्यापासून खोकत असतात. पूर्ण दिवस भरून जन्मलेली असूनही त्यांच्यापैकी बहुतेकांना पहिल्याच दिवसांत श्वासाचा त्रास झालेला असतो. कान वाहणे, सतत भरलेले नाक, वारंवार न्यूमोनिया यांतून ती वर्षानुवर्षे जातात. त्यांच्यातील काहींना दमा म्हणून, काहींना क्षयरोगाच्या शंकेने औषधे दिली गेलेली आम्ही पाहिली आहेत. हा दोष बहुतेक वेळा आई आणि वडील या दोघांकडूनही आला तरच आजार होतो. नात्यातील लग्नांत ती शक्यता वाढते, आणि मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्याकडे आजही अपवादाची गोष्ट नाही. आजार पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. परंतु निदान लवकर झाले तर कफ काढण्याचे रोजचे व्यायाम, वेळेवर प्रतिजैविके आणि कानांची तपासणी यांमुळे फुफ्फुसांचे नुकसान बरेच टाळता येते. आमचा अहवाल हा निदानाचा अंतिम दाखला नसतो, डॉक्टरांच्या निर्णयाला तो आधार असतो. सुमारे तीस टक्के रुग्णांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रचना सामान्यच दिसते, म्हणून आम्ही वेगवान चित्रफितीवर पक्ष्माभिकांचे फटकारेही तपासतो. असे असले तरी ज्या मुलांत बाहू नाहीत त्यांच्या आईवडिलांना तो फोटो दाखवला की त्यांची एक जुनी वणवण संपते. ती मी पाहिलेली आहे, आणि त्यामुळे समाजाला उपयोग दिसत नाही हे टिपणीतील वाक्य मला स्वीकारता येत नाही.

माझ्या तक्रारी आता नोंदवते.

सर्वांत गंभीर तक्रार वाणसंग्रहाबद्दल आहे. शैवालसंवर्धन कक्षात क्लॅमिडोमोनासचे उत्परिवर्तित वाण तिरप्या अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पोषक माध्यमाच्या, नळ्यांत प्रकाशाखाली जिवंत ठेवलेले आहेत. त्यांना ठरावीक तापमान लागते, ठरावीक काळाने नव्या अगारवर नेऊन वाढवावे लागते, आणि हे काम दिवाळीच्या सुट्टीतही थांबत नाही. त्यांतील काही वाण अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रातून मागवलेले आहेत आणि ते पुन्हा मिळू शकतील. परंतु आमच्या विद्यार्थ्यांनी इथेच तयार करून, जनुके जुळवून, वर्षानुवर्षे तपासलेले वाण दुसरीकडे कुठेही नाहीत. त्यांच्या प्रती अन्य संस्थांत ठेवता याव्यात म्हणून लागणाऱ्या साहित्य-हस्तांतरण कराराचा प्रस्ताव आम्ही विद्यापीठ कार्यालयाला सादर केला, आणि तो सहीविना पडून आहे. एका बाजूला संग्रह बाहेर पाठवण्याची परवानगी नाही आणि दुसऱ्या बाजूला तो जिथे आहे ती खोली रिकामी करण्याचा आदेश आहे. सूक्ष्मदर्शक नवा विकत घेता येईल, इमारत नवी बांधता येईल. मेलेले वाण कोणत्याही निविदेने परत आणता येणार नाहीत. ठरावात या संग्रहाचा उल्लेखही नाही.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाबद्दल टिपणी म्हणते की तो गेले काही महिने वापरात नाही. हे खरे आहे, पण त्याचे कारण टिपणीत नाही. वार्षिक देखभाल कराराचे नूतनीकरण विद्यापीठाने केले नाही; त्यानंतर निर्वात पंप बिघडला आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक लेखा विभागात अडकले. वैज्ञानिक उपकरणांवरील वस्तू व सेवा कराची सवलत २०२२ मध्ये गेल्यापासून पाच टक्क्यांऐवजी अठरा टक्के द्यावे लागतात आणि खर्च वाढला आहे, हे मला मान्य आहे. तथापि दुरुस्तीचे पैसे न देता यंत्र बंद राहू द्यायचे आणि मग ते बंद आहे म्हणून खोली काढून घ्यायची, हा न्याय नव्हे. हिऱ्याच्या सुरीने सत्तर नॅनोमीटर जाडीचे छेद हाताने घेणारे तंत्रज्ञ या विद्यापीठात फार थोडे आहेत. आमचे तंत्रज्ञ पुढील काही काळात निवृत्त होत आहेत, आणि यंत्र बंद असताना ते कोणालाही हे कौशल्य शिकवू शकत नाहीत.

विद्यार्थ्यांचे नुकसान मी थोडक्यात सांगते, कारण ते स्वतः बोलायला कचरतात. ज्यांची पीएच.डी.ची नोंदणी या विषयावर झालेली आहे त्यांनी पुढे काय करायचे, याबद्दल परिपत्रकात एक अक्षरही नाही. त्यांपैकी काहींची शिष्यवृत्ती संपत आली आहे. विषय बदलला तर त्यांना जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

हा ठराव ज्या पद्धतीने झाला तीही मला आक्षेपार्ह वाटते. विभागाचे म्हणणे ऐकले गेले नाही, विद्या परिषदेत चर्चा झाली नाही, आणि या विषयाच्या एकाही तज्ज्ञाचे मत घेतलेले दिसत नाही. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डायनीन आणि किनेसिन या चालक प्रथिनांवर अनेक वर्षे उत्तम काम झाले आहे, पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. मत विचारायचे असते तर महाराष्ट्राबाहेर जाण्याचीही गरज नव्हती. पेटंटांची संख्या हा एकमेव निकष लावून मूलभूत संशोधन मोजले तर अफ्झेलियस आणि गिबन्स यांच्याही प्रयोगशाळा बंद कराव्या लागल्या असत्या.

नवोपक्रम केंद्राला माझा विरोध नाही. विद्यार्थ्यांनी उद्योग उभारावेत, त्यासाठी विद्यापीठाने जागा द्यावी, हे योग्यच आहे. विरोध आहे तो चालू असलेले, जिवंत असलेले काम उठवून ती जागा करण्याला. जुन्या ग्रंथालय इमारतीचा पहिला मजला रिकामा आहे आणि त्याचा विचार का झाला नाही, हे आम्हाला कळलेले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. दोन्ही कक्ष रिकामे करण्याच्या आदेशाला परिषदेने तत्काळ लेखी स्थगिती द्यावी, आणि स्थगितीच्या काळात संवर्धन कक्षाची वीज व वातानुकूलन कोणत्याही कारणाने बंद करू नये. वाणांच्या प्रती इतर संशोधन संस्थांत ठेवण्यासाठीच्या करारावर सही व्हावी. हे काम स्थगितीवर अवलंबून ठेवू नये, कारण आमची प्रयोगशाळा राहो वा न राहो, वाण राहिलेच पाहिजेत. सूक्ष्मदर्शकाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजूर करावे किंवा नामंजूर करून कारण लेखी द्यावे. दुरुस्ती होईपर्यंत रुग्णालयाकडून आलेले नमुने दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर तपासता यावेत म्हणून विद्यापीठाने शुल्क भरावे. ही मुले परिषदेच्या पुढच्या बैठकीपर्यंत थांबू शकत नाहीत. संशोधक विद्यार्थ्यांना, अंतिम निर्णय काहीही होवो, त्याच विषयावर प्रबंध पूर्ण करण्याची मुभा आणि तेवढी मुदतवाढ मिळावी. आणि या संशोधनाचे मूल्यमापन व्हायचेच असेल तर ते विद्यापीठाबाहेरील पेशीजीवशास्त्रज्ञ व छातीविकारतज्ज्ञ यांच्या समितीने करावे, विभागाचे म्हणणे ऐकावे आणि समितीचा अहवाल जसाच्या तसा प्रसिद्ध करावा. त्या समितीने काम कमी प्रतीचे ठरवले तर तो निर्णय मी मान्य करीन आणि जागा स्वतः रिकामी करून देईन.

परिषदेतील ज्या सदस्यांना शक्य असेल त्यांनी ठरावाचा फेरविचार करण्यापूर्वी एकदा प्रयोगशाळेत यावे, अशी विनंती आहे. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही कशाभिकांवरचे पटल डिटर्जंटने काढून टाकतो; उरतो तो फक्त सूक्ष्मनलिकांचा सांगाडा, निश्चल. त्यावर एटीपीचा थेंब सोडला की तो पुन्हा फटकारे मारू लागतो. विद्यार्थिनी असताना याच विभागात मी हे पहिल्यांदा पाहिले आणि माझा विषय ठरला. यासाठी लागणारा साधा सूक्ष्मदर्शक अजून चालू आहे, आणि कार्यालयीन वेळेत कोणत्याही दिवशी हा प्रयोग दाखवण्याची माझी व माझ्या विद्यार्थ्यांची तयारी आहे.

परिपत्रकातील मुदत उन्हाळी सुट्टीपूर्वीची आहे. वाण दुसऱ्या संस्थेत सुरक्षित नेऊन ते तिथे रुजले की नाही हे पाहायला किमान सहा आठवडे लागतात. म्हणून कराराबद्दलचे उत्तर या महिनाअखेरपर्यंत लेखी मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
पेशीजीवशास्त्राची एक प्राध्यापक,
प्राणिशास्त्र विभाग